मराठीत सांग ना, पोरी

कुणाला कामावरून काढल्याचं पत्र द्यायचं असलं की काका आधी त्या माणसाला खुर्चीवर बसवायचे, पाण्याचा ग्लास पुढे करायचे आणि मग म्हणायचे, "तुमची नोकरी गेली. आधी माज्या तोंडून ऐका, कागद नंतर वाचा."

तळोज्याच्या केमिकल कंपनीत मी एचआरला लागले तेव्हा ते तिथले सगळ्यात जुने क्लार्क होते. राहायला बोनकोड्यात. आम्ही त्यांना काका म्हणायचो. असा एखादा काका तुमच्याही ऑफिसात असेल.

आम्ही तरुण मंडळी नोकरी गेल्याचं इंग्रजीतच बोलायचो. कुणाला सॅक मिळाला, कुणाला बूट, कुणाला पिंक स्लिप. काका वैतागायचे. "सॅक म्हंजे पोतं. मानसाची रोजीरोटी जाते नि तुमी त्याला पोतं देता, बूट देता! लग्नातला आहेर हाय का?"

एकदा नवे मॅनेजर प्लांटवर एका ऑपरेटरवर ओरडले, "यू आर फायर्ड!" मशिनच्या घरघरीत त्या बिचाऱ्याला 'फायर' एवढंच ऐकू आलं. त्याने धावत जाऊन सायरन दाबला. पाच मिनिटांत अख्खी कंपनी गेटबाहेर. खरा प्रकार कळल्यावर आम्ही पोट धरून हसलो. काका मात्र गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेले. "आग नाय लागली, भाऊ. तुमची नोकरी गेली." तो मटकन खाली बसला. काकाही त्याच्याशेजारी तापलेल्या डांबरावर बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत. आमचं हसू तिथेच विरलं.

दोनेक वर्षांनी वरून एक यादी आली. तिच्यात काका होते, आणि पत्र मी द्यायचं होतं.

मी त्यांना बसवलं. "काका, दे आर... दे आर लेटिंग यू गो."

ते जरासे हसले. "मराठीत सांग ना, पोरी."

मला नाही जमलं. डोळे भरून आले. शेवटी त्यांनीच माझ्यापुढे पाणी सरकवलं. "रडू नको. माजी नोकरी गेली. बग, बोललो का नाय?"

टेबलाचा खण रिकामा करून ते निघून गेले.

मी राहते सीवूड्सला. तिथून बोनकोडे काही लांब नाही, पण जायची हिंमत व्हायला दीड वर्ष लागलं. गेले तेव्हा काका भिंतीवर होते, हार घातलेल्या फोटोत. अंगावर शाल.

काकूंनी कपाटातून तीच शाल काढून दाखवली. "रिटायर झाले त्या दिवशी हीच घालून आले. नारळ, पेढे, सगलं. किती छान सत्कार केलात तुमी!"

कंपनीने काहीच दिलं नव्हतं. ते सगळं वाटेत त्यांनीच विकत घेतलं असणार.

"तूच ना ती, भाषन करनारी? नेहमी सांगायचे, पोरीनं माज्यावर असं भाषन केलं, मानसं रडली. मी इचारायची, काय बोलली ती? तर नुसते हसायचे." काकू माझ्या जवळ सरकल्या. "तू तरी सांग. काय बोललीस?"

मी चहाचा कप खाली ठेवला. उभी राहिले. आणि त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते अडखळत का होईना, सगळं बोलले. काकू शाल मांडीवर घेऊन ऐकत होत्या.