परतीच्या बसमधला जवाब

“आधी खुर्ची ओढ. मग बस.”

आपांची शिकवणी इथून सुरू व्हायची. मुलाखतीच्या खोलीत उमेदवाराची खुर्ची टेबलापासून चांगली लांब ठेवलेली असते, हे तुम्हीही पाहिलं असेल. आपण जातो, तिच्या टोकावर टेकतो आणि पलीकडची मंडळी आपल्याकडे लांबून बघत बसतात. आपा म्हणायच्या, दोन्ही हातांनी खुर्ची उचलायची, टेबलापाशी आणायची, पाठ टेकून बसायचं आणि मगच बोलायला तोंड उघडायचं. “खुर्ची संस्थेची हाय, त्यांच्या बापाची न्हाई.”

नांदेडच्या एका कॉलेजात आम्ही दोघी तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवायचो. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचा पगार, उन्हाळ्यात उपास आणि दर जूनला नव्याने अर्ज. मी किल्लारीकडची, शेतकऱ्याच्या घरातली, बोलताना पायाच्या अंगठ्याकडे बघणारी. आपा नांदेडच्याच, इतवारा मोहल्ल्यातल्या. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डॉक्टरेट करून त्यांना इतकी वर्षं झाली होती, की त्यांचाच एक विद्यार्थी आमचा विभागप्रमुख होऊन त्यांच्या तासांवर सही करत होता. सही करताना तो उभा राहायचा, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

आपा गोड स्वभावाच्या होत्या असं मी म्हणणार नाही. त्या डूख धरायच्या. कॅन्टीनवाल्याने एकदा, तासिकावाल्या म्हणून, त्यांना सगळ्यांच्या शेवटी गार चहा दिला. तेव्हापासून त्या घरून थर्मास आणायच्या आणि रोज त्याच्या काउंटरसमोर उभं राहून, त्याच्याशी बायकापोरांची चौकशी करत, स्वतःचा चहा प्यायच्या. तो बिचारा दरवेळी कप पुढे करायचा. आपा हसून मान हलवायच्या.

आपल्याकडच्या मुलाखती कशा होतात ते तुम्हाला मी काय नवीन सांगणार. जागा कुणाची ते जाहिरात निघायच्या आधी ठरलेलं असतं. पण कागदावर एकट्याचीच मुलाखत दिसून चालत नाही. मग आणखी दोघंतिघं बोलवायचे, गाडी पाठवायची, जेवू घालायचं, हजेरीची सही घ्यायची आणि वाटेला लावायचं. लोक त्यांना डमी म्हणतात. आपा म्हणायच्या, गिनती. उदगीर, अहमदपूर, देगलूर, सगळीकडे त्या गिनती भरायला जाऊन आल्या होत्या. पहिल्या काही वेळा तर त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. त्या बापड्या खरोखर अभ्यास करून गेल्या होत्या.

कुणीही मुलाखत देऊन आलं, की आपा निकाल विचारायच्या नाहीत. विचारायच्या, “बसमध्ये काय सुचलं?” कारण खरं उत्तर आत कधीच सुचत नाही. ते परतीच्या बसमध्ये, चाकूर मागे पडलं की सुचतं, आणि मग माणूस खिडकीतून बाहेर बघत एकटाच दात खातो. आपा ती बसमधली उत्तरं गोळा करायच्या. देगलूरच्या एका पोराला विचारलं होतं, “हे आडनाव म्हणजे नेमके कोण तुम्ही?” त्याला बसमध्ये तीन शिव्या आणि एक वाक्य सुचलं. आपांनी शिव्या काढल्या आणि वाक्य घासून ठेवलं: “अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, साहेब. वाचून दाखवू का?” धार ठेवायची आणि आवाज काढून टाकायचा, ही त्यांची रीत.

दुपारची प्रॅक्टिकल संपली की प्रयोगशाळेत आमची खोटी मुलाखत चालायची. आपा अध्यक्ष व्हायच्या. एरवी डोक्यावरचा दुपट्टा ढळू न देणारी ती बाई एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकायची, कानाला मोबाईल लावायची, काडीने दात कोरायची आणि माझ्याकडे न बघता विचारायची, “हं, लग्न कधी करून राहिल्या मग? गवताचा अभ्यास करून काय भेटतं?” सोंग इतकं हुबेहूब की मला खरंच घाम फुटायचा. पहिल्या आठवड्यात मी रोज रडले. आपा टेबल पुसायचं फडकं पुढे करायच्या आणि म्हणायच्या, “रड. इथंच रडून घे. तिथं पाणी काढायचं न्हाई.”

नवी चप्पल घालून जायचं नाही, सगळं लक्ष टाचेत जातं. पुण्याची उसनी भाषा बोलायची नाही, नेमकी अडचणीत फाटते. प्रश्न कुणीही विचारो, उत्तर विषयतज्ज्ञाकडे बघून द्यायचं, कारण कागदावर गुण तो लिहितो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, पण मान खाली घालून नाही. आणि शिकवून दाखवा म्हणाले तर समोर जे सापडेल त्यावर शिकवायचं. अशी ही सगळी शिकवण त्या परीक्षानळ्या विसळता विसळता द्यायच्या.

एक दिवस मला फोन आला. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची संस्था. तिथला लेखनिक फार आदबीने बोलत होता. मॅडम, नुसतं येऊन जायचं, गाडी पाठवतो, जेवणाचीही सोय आहे. जागा अध्यक्षांच्या भाच्याची होती हेही त्याने लपवलं नाही. मी फोनवर हात ठेवून आपांना संस्थेचं नाव सांगितलं. त्यांच्या हातातली परीक्षानळी नळाखाली तशीच राहिली.

आपांना आयुष्यभर डाचलेला एक प्रश्न तिथेच विचारला गेला होता. फार वर्षांपूर्वी, याच अध्यक्षांनी. आपा महिनोन्‌महिने तयारी करून, पहाटेची बस धरून गेल्या होत्या. अध्यक्षांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “बिर्याणी करता येते का, मॅडम?” टेबलाभोवतीचे सगळे हसले. आणखी एकही प्रश्न नाही, नावसुद्धा नाही. “या आता,” म्हणाले. आपा “थँक्यू सर” म्हणून बाहेर आल्या. बसमध्ये जवाब सुचला: “येते की, साहेब. पण आमच्यात सगळे जेवायला दस्तरख्वानावर बसल्यावर वाढतात. तुमच्यात आधीच वाढून झालेलं दिसतंय.” तेव्हापासून तो जवाब त्यांच्याकडे पडून होता.

“हाव म्हण,” आपा मला हळूच म्हणाल्या. “गाडीतबी बस. जेवू मात्र नको. त्यांचं मीठ पोटात गेलं की जीभ जड होती.”

मला नोकरी हवी होती. भाऊ शिकायचा होता, घरी माझ्या लग्नाचा घोर लागलेला होता, आणि दर जूनला नव्याने हात जोडून जोडून मी विटले होते. पण खरं सांगते, त्या दिवसापासून मला नोकरीपेक्षा त्या माणसाचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. आपांचा राग मला लागला होता, नायटा लागतो तसा.

मुलाखतीच्या दिवशी मी घरून नेलेला डबा व्हरांड्यात बसून खाल्ला. शेजारी भाचा होता, गोरागोमटा, स्वभावाने निरुपद्रवी. त्याने मला विचारलं, की किती वेळ लागतो हो, त्याला संध्याकाळी लातूरला एका साखरपुड्याला जायचं होतं. मी म्हटलं, आज थोडा लागेल.

आत गेले. खुर्ची भिंतीपाशीच होती. मी ती उचलून टेबलाजवळ आणली, आणि तिचे पाय फरशीवर वाजले तेव्हा अध्यक्षांनी मोबाईलमधून पहिल्यांदा डोकं वर काढलं. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या एक सडपातळ बाई विषयतज्ज्ञ होत्या. शेजारचे वयस्क गृहस्थ दुसरे. आधी माझ्या प्रबंधावर प्रश्न झाले, तिथे मी अडले नाही. मग बाई म्हणाल्या, काहीतरी शिकवून दाखवा. फळा नव्हता, खडू नव्हता. टेबलावर तज्ज्ञांच्या आणि अध्यक्षांच्या सत्काराचे गुच्छ होते. मी अध्यक्षांसमोरचा गुच्छ ओढला, त्यातली शेवंती तोडली आणि टेबलावर तिच्या पाकळ्या मोकळ्या केल्या. हे एक फूल नाही, म्हटलं, हा फुलांचा मेळावा आहे. कडेची वेगळी, मधली वेगळी, आणि ज्याला आपण पाकळी म्हणतो ते एक अख्खं फूल. वयस्क गृहस्थांनी चष्मा काढून एक पाकळी डोळ्यांजवळ नेली. अध्यक्षांच्या फायलीवर सगळा कचरा झाला होता. तो मी झाडला नाही.

अध्यक्षांनी मग त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. “लग्न झाल्यावर नोकरी सोडूनच देणार ना?”

“साहेब,” मी म्हटलं, “हा प्रश्न तिन्ही उमेदवारांना विचारला का?” आवाज चढला नाही. आणि उत्तरासाठी मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या तज्ज्ञ बाईही पेन खाली ठेवून अध्यक्षांकडे बघू लागल्या. अध्यक्षांनी पाणी मागवलं.

दोन्ही तज्ज्ञांनी माझं नाव पहिलं लिहिलं. भाचा दुसरा. चारच दिवसांत लेखनिकाचा फोन आला, अजून आदबीने. मॅडम, तुम्हाला ही नोकरी नको असं लिहून द्या, म्हणजे पुढचं मोकळं होईल. आपा शेजारीच होत्या. त्यांनी मला काय बोलायचं ते कानात सांगितलं आणि मी तेच बोलले. देते की लिहून. पण नेमणूकच नाही तर नको कशाला म्हणू? आधी नेमणुकीचा आदेश पाठवा, मग त्यावर नकार देते. त्यांना घाई होती, आणि तासिकेवर राबणारी किल्लारीची पोर असं काही करील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी आदेश पाठवला. अध्यक्षांच्या सहीचा, गोल शिक्क्याचा.

तो घेऊन मी रुजू व्हायला गेले. आपा सोबत आल्या. त्यांनी ईदचा पोशाख घातला होता. वाटेत फारसं बोलल्या नाहीत, पण ओठ हलत होते. त्या जवाब घोकत होत्या.

अध्यक्ष माझ्यावर चिडले, आदेश उलटसुलट करून पाहिला, लेखनिकाला नको नको ते बोलले. सही त्यांचीच होती, मला रुजू करून घेण्यावाचून इलाज नव्हता. मग शेवटी, पुढारी माणूस, चेहऱ्यावर हसू आणून त्यांनी चहा मागवला आणि आपांकडे वळून विचारलं, “आपण कोण यांच्या? याआधी कधी पाहिलं नाही.”

आपांनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. “सोबत आले,” त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

बाहेर आल्यावर मी भांडले त्यांच्याशी. इतकी वर्षं सांभाळलं आणि बोलला का नाहीत? आपा रस्त्याच्या कडेला उभ्या राहून जीपची वाट बघत होत्या. म्हणाल्या, “त्याला सवालच याद न्हाई, पोरी. जवाब कुणाला देऊ?” एवढं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला तो माणूस पहिल्यापेक्षा जास्त नकोसा झाला. अपमान करणं वेगळं. तो करून विसरून जाणं मला सहन होत नाही.

आपांना नोकरी लागली नाहीच. पुढे एका जूनमध्ये त्यांचा तासिकेचाही अर्ज गेला तसा परत आला. साखरेने आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. मी नांदेडला भेटायला गेले की हाताने माझा चेहरा चाचपायच्या आणि नवीन कुणाला कुठे काय विचारलं ते ऐकायच्या. एका हिवाळ्यात गेल्या. इतवाऱ्यातल्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तिथे उभ्या असलेल्या कितीतरी जणांना मी ओळखत होते. लातूर, परभणी, हिंगोलीच्या कॉलेजांतले पक्क्या नोकरीतले प्राध्यापक, सगळे आपांच्या शिकवणीतून गेलेले, लहान मुलांसारखे रडत होते.

त्याच वर्षी अध्यक्षांचा अमृतमहोत्सव आला. कॉलेजच्या मैदानावर मांडव पडला. मी चांगलं बोलते म्हणून प्राचार्यांनी प्राध्यापकांच्या वतीने मला बोलायला सांगितलं. मी हो म्हणाले.

माईकवर मी म्हटलं, साहेब मुलाखती कशा घेतात त्याची एक आठवण सांगते. अध्यक्ष खूश होऊन पुढे सरकले, गळ्यातला हार सारखा केला. मी तो बिर्याणीचा सवाल सांगितला, त्यांच्याच शब्दांत. ते हसले, मोठ्याने, आणि हसता हसता सवयीने दोन्हीकडे पाहिलं. एका बाजूला प्राचार्य होते, दुसऱ्या बाजूला भाचा. दोघेही आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. समोर आमच्या पोरी बसल्या होत्या, कितीजणींच्या डोक्यावर दुपट्टा होता. त्याही हसल्या नाहीत. मग मी आपांचा जवाब दिला, सावकाश, आवाज न चढवता. अध्यक्षांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, कारण ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

आणि शेवटी मी आपांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, सगळ्या पदव्यांसकट. त्या मुलाखतीत ते कुणी विचारलंच नव्हतं.