अक्कांचा शेरा

अक्का चिडल्या की आधी चष्मा काढायच्या. त्याच्या काड्या मिटून तो पिशवीत ठेवायच्या आणि समोरच्याला शांतपणे म्हणायच्या, "सरी, बरं. आता पुन्हा एकदा सांगा."

बोललेलं वाकडं वाक्य पुन्हा तसंच्या तसं म्हणणं फार थोड्यांना जमतं. तुम्ही कुणावर प्रयोग करून बघा. दुसऱ्या खेपेला माणूस शब्द बदलतो, आवाज उतरवतो, निदान खिडकीबाहेर तरी बघतो. अक्कांचं अर्धं आयुष्य नाटक कंपनीत गेलेलं. कुठलं वाक्य खोटं पडतंय हे त्यांना लगेच ऐकू यायचं.

मी त्यांना प्रथम पाहिलं ते आमच्या कचेरीत. आमचा बेळगावकडचा मुलूख नुकताच म्हैसूर राज्याला जोडला होता आणि मी निपाणीचा माणूस बदली होऊन बेंगळुरात कारकुनी करत होतो. नाटक-संगीताच्या संस्थांची नोंदणी करायची आणि त्यांना सरकारी मदत द्यायची, हे आमचं काम. अक्का बायकांच्या नाटक मंडळीची नोंद करायला आल्या होत्या. आमच्या हेडक्लार्कने सांगितलं की अध्यक्ष म्हणून कुणी वकील-डॉक्टर असा प्रतिष्ठित गृहस्थ दाखवा. अध्यक्ष मीच आहे, असं अक्का म्हणाल्या. तेव्हा तो शेजारच्या टेबलाकडे वळून कन्नडात पुटपुटला की आता कंपनीतल्या बायकाही अध्यक्ष होणार.

अक्कांनी चष्मा काढला. हेडक्लार्कला तेवढ्यात कॉफी प्यायला जायची आठवण झाली. तो गेला तो तासभर आलाच नाही. अक्का तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी ती नोंद मी केली. माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "कुठला तू, तम्मा?" निपाणीचा म्हटल्यावर म्हणाल्या, "मग अक्षर तरी नीट काढ की." तेव्हापासून मी त्यांचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ.

चिकपेठेत एका देवळामागच्या हॉलमध्ये त्यांच्या तालमी चालायच्या. एक नर्स, दोन शिक्षिका, पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरांतल्या काही बायका. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं होतं की अक्का निम्मी तालीम उच्चारांवरच घालवायच्या. पुढे माझी बायकोही जाऊ लागली. तिची या गावात ना ओळख ना पाळख. स्वयंपाकघरातून बोलली तर बाहेरच्या खोलीत ऐकू येत नसे. अक्कांनी तिला दरोडेखोराचं काम दिलं. महिनाभराने जेवताना तिने माझ्याकडे मीठ मागितलं ते त्याच आवाजात. मी वाटी पुढे करताना चक्क उठून उभा राहिलो होतो.

काही वर्षांनी वरून हुकूम आला की कलावंतांचं काम कलावंतांनीच पारखावं. त्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष एक निवृत्त बडे अधिकारी. सोबत एक प्राध्यापक आणि फारसं न बोलणारे एक म्हातारे वीणावादक. एक बाई हवी म्हणून अक्का. अर्ज केलेल्या मंडळींचा खेळ पाहायचा आणि शेरा द्यायचा, एवढंच काम. अध्यक्षसाहेब गळ्यात हार पडला की उठून निघायचे आणि शेरा मोटारीतच तयार व्हायचा. अक्का बसने जायच्या, चटईवर बसायच्या आणि पडदा पडेपर्यंत हलायच्या नाहीत. आवडलं नाही तर काय आवडलं नाही ते त्या नटाला तिथेच सांगायच्या. लोक रागवायचे, पण पुढच्या वर्षी त्यांनाच पाठवा म्हणायचे.

एका वर्षी एका म्हाताऱ्या नटाचा अर्ज आला. एके काळी त्याची स्वतःची मोठी कंपनी होती. आता उरलीसुरली चार माणसं घेऊन तो यशवंतपुराकडे पत्र्याच्या शेडमध्ये खेळ करत होता. ते नाव वाचून अक्का बाहेर झाडाखाली जाऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेलो. तेव्हा त्यांनी मला सांगितलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

अक्का आणि त्यांची धाकटी बहीण त्याच कंपनीत होत्या. गदगच्या मुक्कामात दोघींना विषमज्वर झाला. कंपनीचा मुक्काम हलायची वेळ आली. मालकाने दोघींना धर्मशाळेत ठेवलं, दोन दिवसांत माणूस पाठवतो म्हणाला आणि पडदे, पेट्या, सगळं घेऊन पुढच्या गावी गेला. माणूस आला नाही. त्या गावी अक्कांची भूमिका दुसरीला दिल्याचं त्यांना नंतर कळलं. बहीण त्या धर्मशाळेतच गेली. ती कंपनीत लहान मुलांची कामं करायची.

माझं डोकं भणाणलं. मी म्हणालो, अक्का, याचा अर्ज तर तुमच्या हातात आला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून उठलो.

तो खेळ पाहायला मी त्यांच्याबरोबर गेलो. अक्कांना एकटीला सोडू नका, असं बायकोने बजावलं होतं. म्हातारा राजाचं काम करत होता. अंगावर विटका जरीचा झगा, पायाला सूज. पण राज्य गेल्यावर तो सिंहासनाच्या पायरीवर बसला आणि नुसता स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला, तेव्हा शेडमधली पोरंसुद्धा गप्प झाली. मी चोरून अक्कांकडे पाहिलं. त्या दगडासारख्या बसल्या होत्या.

परतताना बसमध्ये त्यांचा राग बाहेर पडला. "इतकं चांगलं कशाला करतो मेला," त्या म्हणाल्या. "स्वल्प तरी वाईट करायचं होतं. मला सोपं गेलं असतं."

मग समितीची बैठक झाली. टिपणं घ्यायला मी होतोच. अध्यक्षसाहेबांना म्हाताऱ्याचा अर्ज नको होता. असले जुनाट, गावठी खेळ आता कोण बघतो, असं त्यांचं मत. तो वाटा त्यांच्या क्लबातल्या हौशी मंडळींकडे वळवायचा होता. धर्मशाळेची गोष्ट त्यांच्या कानावर कुणी घातली होती ते ठाऊक नाही. ते फार गोड आवाजात अक्कांना म्हणाले की तुम्ही या गृहस्थांना जवळून ओळखता, तेव्हा त्यांच्या चारित्र्याबद्दल समितीला सांगा.

अक्कांनी चष्मा काढला. "पुन्हा एकदा सांगा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी पुन्हा विचारलं, तसंच्या तसं. तसं करणारा मी पाहिलेला तो एकच माणूस.

"माणूस वाईट आहे," अक्का म्हणाल्या. "माझी बहीण त्याच्यापायी गेली. ते माझं मी बघून घेईन. नाटक चांगलं आहे. या गावात त्याच्या तोडीचं मी पाहिलेलं नाही. तम्मा, हे लिही."

साहेब म्हणाले की तुमचं त्यांच्याशी वैर आहे, तेव्हा तुमचा शेरा धरता येणार नाही. अक्कांनी एवढंच विचारलं, "वाईट आहे म्हटलं असतं तर धरला असता का?"

प्राध्यापक चष्म्याच्या काचा पुसू लागले. मग ते वीणावादक, ज्यांचा आवाज मी तोवर धड ऐकला नव्हता, म्हणाले की मी तो खेळ पाहिला आहे आणि बाई म्हणतात ते खरं आहे. म्हाताऱ्याची मदत मंजूर झाली.

साहेब हे विसरले नाहीत. पुढच्या वर्षी अक्कांच्या मंडळीला पत्र गेलं की समितीवरच्या व्यक्तीच्या संस्थेला मदत मिळू शकत नाही. नियम कागदावर होताच. पण साहेबांच्या भाचीच्या नृत्यशाळेला तो लागू झाला नाही, प्राध्यापकांच्या मंडळाला लागू झाला नाही, क्लबाला तर नाहीच. अक्का साहेबांना भेटायला आल्या. सकाळपासून त्यांना बाकावर बसवलं आणि साहेब मागच्या दाराने घरी गेले. आज इतकी वर्षं झाली, तरी ते दार आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नियमाला नावं ठेवता येत नाहीत. ज्याच्या हातात तो असतो त्याच्यापुढे आपण उभं राहायचं, आणि तो उठून मागच्या दाराने जातो.

अक्कांनी समिती सोडली, तरी मदत काही सुरू झाली नाही. हॉलचं भाडं परवडेना, मंडळी बंद पडली. माझी बायको पुन्हा हळू बोलू लागली.

त्या हिवाळ्यात म्हाताऱ्याचं नवं नाटक शहरातल्या मोठ्या थिएटरात लागलं. मदतीच्या जोरावर त्याने नवे पडदे केले होते. मी आणि बायको गेलो. अक्का आधीच येऊन बसल्या होत्या, स्वतः तिकीट काढून. सुरुवातीला म्हाताऱ्याने अध्यक्षसाहेबांना रंगमंचावर बोलावून हार घातला आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला की या थोर माणसामुळे माझी कला जगली. समितीत काय झालं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बैठकीतलं बाहेर सांगायची सोयही नव्हती. साहेबांनी मान तुकवून ते सगळं घेतलं आणि हारासकट मोटारीत जाऊन बसले.

मी उठलो. सगळ्यांच्या देखत सांगून टाकावं असं वाटत होतं. अक्कांनी माझा हात धरून मला खाली ओढलं. "बस. खेळ सुरू होतोय."

खेळ त्या यशवंतपुरातल्यापेक्षाही चांगला झाला. पडदा पडला तेव्हा सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. म्हातारा पुन्हा पुन्हा पुढे येऊन वाकत होता. एकदा त्याची नजर आमच्या रांगेवर आली आणि थांबली. त्याने अक्कांना ओळखलं. त्याचे हात अर्धवट जोडलेले तसेच राहिले.

पुढच्या महिन्यात अक्का हुबळीला भावाकडे गेल्या आणि परत बेंगळुरात आल्या नाहीत. त्या वारल्याचं मला फार उशिरा कळलं. माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या थिएटरातल्याच, त्या रांगेतल्या. आजूबाजूला सगळे टाळ्या पिटताहेत. अक्का ताठ बसल्या आहेत, त्याच्याकडे सरळ बघत, आणि दोन्ही हात मांडीवर आहेत.