तिकोन्यात वळलेलं इंजन

वाशीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला सत्यभामेच्या वाट्याचं चार एकर रान होतं. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला गाडीवाट, तिसऱ्या बाजूला बांध; म्हणून त्याला तिकोना म्हणत. बांधापलीकडची जमीन धाकट्या दिराची, बलभीमची; ओढ्यावर जायला तो बांध ओलांडून तिकोन्यातूनच आडवा जाई. नवरा गेल्यापासून तिकोन्यात कुंदा माजला होता. बैलांचा नांगर वरचं गवत तेवढं खरवडायचा, मुळी खाली तशीच राहायची.

जर्मनची लढाई संपून वर्ष झालं होतं. जहागीरदारांच्या मळ्यात इंजनाचे नांगर दोन झाले होते. एक जुना, लोखंडी दातेरी चाकांचा, आणि एक नवा, रबरी चाकांचा. भाडं ज्वारीत दिलं की ते गावोगाव जात.

पौष सरता सरता बलभीमने जेवताना विषय काढला.

"वैनी, कुंदा काढायचा तर इंजनच पायजे. पर त्याला वळायला लई रान लागतंय. तुमच्या तिकोन्यात ते वळायचं कुठं? चैत्रात खळं आटोपलं की मधला बांध मोडू. मग इकडून शिरंल, तिकडं निघंल. घरचंच हाय न्हवं सगळं."

सत्यभामेने त्याच्या ताटात भाकरी वाढली. 'घरचंच' म्हणून तिचा तांब्याचा हंडा जावेच्या, बानूबाईच्या चुलीशी गेला होता. घरचीच म्हणून तिची म्हैस बलभीमच्या दावणीला बांधली गेली होती. बांध एकदा मोडला की तिचं रान कुठं संपतं हे सांगायला गावात कोण उभं राहणार होतं?

"बगू की चैत्रात," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिने तिकोन्यात हातभर खड्डा खणला. तळातलं ढेकूळ एरंडाच्या पानात गुंडाळलं आणि दोन कोस चालून जहागीरदारांचा मळा गाठला. दादामियाँ जुनं इंजन चालवत होता. बारा वर्षं तोच ते चालवत होता. मागे साखळीला नांगर, नांगराजवळ दोरी धरून दुसरा गडी. इंजन बांधाशी आलं की गडी दोरी ओढून नांगर उपसायचा आणि मग ते धूड लांब वेढा घालून परत यायचं. ते पुढे गेल्यावर सत्यभामा त्या वेढ्यावरून पावलं टाकत चालली.

दादामियाँने इंजन थांबवलं. "काय हरवलं का, बाई?"

"न्हाय. वळण मोजतीय. चौतीस पावलं झाली. आता त्या नव्याचं दाखवा."

"हे काय लग्नाचं स्थळ हाय का, दोन दोन बघायला?" दादामियाँ हसला. पण उतरला आणि नव्यावर बसला. बांधाशी येताच त्याने बसल्या जागी एक दांडा ओढला. नांगर आपोआप वर उचलला गेला, इंजन जागच्या जागी मागं सरकलं, तोंड फिरवून उभं राहिलं.

"अकरा," सत्यभामा पावलं टाकून म्हणाली.

"वळायला बेस हाय, खोटं कशाला बोलू," दादामियाँ म्हणाला. "पर अंगानं हलकं. उन्हाळ्यात कडक रानात नांगर अडकला की पुढची चाकं वर उचलतंय. म्हाताऱ्याचं तसं न्हाय. म्हातारं दगड फोडतंय."

"आन रानात वल असली तर?"

"तर म्हातारं रुतून बसंल. हे चालंल. पर लई वल नको, रबर घसरतंय."

सत्यभामेने पान उलगडून ढेकूळ त्याच्या हातावर ठेवलं. दादामियाँने ते कमरेएवढ्या उंचीवरून सोडलं. ढेकूळ पडलं आणि भुगा झालं. त्याने वाकून तो भुगा चिमटीत घेतला, आणि मगच तिच्याकडे नीट पाहिलं.

"ह्यो वाफसा हाय, नांगराला अशीच वल पायजे. कवा म्हणता?"

"वल उतरायच्या आत. चैत्रात त्याचा दगड हुतोय."

चार दिवसांनी रबरी चाकांचं इंजन गाडीवाटेनं तिकोन्यात आलं. सारं गाव उभी ज्वारी राखत असताना माघात नांगरट कसली, म्हणून निम्मं गाव बांधावर जमलं. बलभीम पुढेच होता.

"दादामियाँ, हे इंजन हाय का कपडे शिवायचं मशीन?"

दादामियाँने दांडा ढकलला. नांगर रुतला. काळी माती उलटू लागली आणि तिच्यातून कुंद्याच्या पांढऱ्या मुळ्या हात हात लांब वर आल्या. दिवस कलला तसा बहुतेक तिकोना काळा झाला. उरला तो ओढ्याकडचा निमुळता कोपरा. तिथं दादामियाँ थांबला.

"एवढा बैलानं काढा, बाई. मागं वढा हाय. चाक गेलं तर मला मालक उभा कापंल."

"एवढा ऱ्हायला तर बांध मोडायचं निमित्त ऱ्हायलं," सत्यभामा हळू म्हणाली. मग पदर खोचून ती कोपऱ्याच्या टोकाला, ओढ्याकडे पाठ करून उभी राहिली. "माझ्याकडं बगून मागं घ्या. म्या हात वर केला की थांबा."

इंजन मागं मागं आलं. बानूबाईने डोळ्यांवर हात घेतला. सत्यभामा हलली नाही. उचललेल्या नांगराचा फाळ हातभर अंतरावर आला तेव्हा तिने हात वर केला. तिने दोन पावलं बाजूला टाकताच नांगर तिच्या पाऊलखुणांशीच खाली बसला, आणि टोकाची माती उलटी होत निघाली.

बांधावरून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

बलभीम खाली उतरला. दादामियाँजवळ जाऊन म्हणाला, "आमच्याबी कोपऱ्यांना हे येतंय का हो, ज्वारी निघाल्यावर?"

"येतंय की. पर तुमच्या रानात यायचं तर गाडीवाट वैनींच्या रानाच्या कडेनं हाय. त्यांना इचारा."

बलभीमने मान वळवली. सत्यभामा मुळ्या गोळा करत होती.

"या की भाऊजी," ती वर न बघता म्हणाली. "वाटंनं या. बांधावर तेवढं चाक घालू नका."

वर्षाने तिकोन्यात डोक्याएवढी उंच ज्वारी उभी होती. बांधाच्या कडेने सत्यभामेने करडईच्या चार ओळी पेरल्या होत्या, दाट आणि काटेरी. ओढ्यावर जायचं तर बलभीमला आता गाडीवाटेनं वळसा घालावा लागे.