जांभळी बॅटरी

आमच्या कारखान्यात जीवनसत्त्व ब-दोन तयार व्हायचं आणि ते तयार करणारा खरा कामगार डोळ्यांना दिसायचा नाही. तो मातीतला एक साधा जिवाणू. पिशोरच्या कुठल्याही शेतातली चिमूटभर माती उचला, त्यात तो सापडेल. तिथं तो स्वतःपुरतं जीवनसत्त्व करतो आणि गरज भागली की थांबतो. आमच्याकडच्या जिवाणूचं हे थांबणंच काढून टाकलेलं होतं. प्रयोगशाळेत त्याच्या जनुकांत अशी कापाकापी केली होती की ‘आता पुरे’ हे त्याला कळूच नये. साखरेचा पाक पाजायचा, हवा फुंकायची, ऊब राखायची. तो बापडा करत राहायचा, त्याला स्वतःला कधी लागणारही नाही इतकं, टाकीतलं पाणी झेंडूसारखं पिवळं होईपर्यंत. मग आम्ही टाकी तापवून त्याला मारायचो आणि माल गाळून, वाळवून पोत्यांत भरायचो.

नव्या माणसांना हे समजावून सांगायचं काम माझं होतं आणि ते मी फार चवीनं करायचो. शेवटी जरा थांबून म्हणायचो, इथं जो थांबत नाही तो टिकतो, आणि तोही टाकी तापेपर्यंतच. लोक हसायचे. कंत्राटावरचे जरा कमी हसायचे.

या पिवळ्याची एक गंमत आहे. वरवर धुतलं की साध्या उजेडात ते दिसेनासं होतं, पण जांभळ्या उजेडाच्या बॅटरीखाली हिरवट-पिवळं चमकतं, अंधारातल्या मांजराच्या डोळ्यांसारखं. म्हणून प्रत्येक वेळी टाकी धुतल्यावर आत ती बॅटरी मारून बघायची आणि वहीत सही करायची असा नियम होता. बॅटरी माझ्याकडे असायची. सहीही माझीच.

एका शनिवारी मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं पाहणीला येणार होती. सकाळी चौघांनी मोठी टाकी धुतली. मी ती तपासली असं वहीत लिहिलेलं आहे. खरं म्हणजे वही मी कँटीनमध्येच मागवून घेतली होती, कारण भज्यांचा पहिला घाणा नुकताच निघाला होता आणि टाकीच्या झाकणापर्यंत तीन जिने चढावे लागत.

पाहुण्यांतल्या एका बाईनं स्वतःची तसलीच बॅटरी काढली आणि झाकणातून आत मारली. तळाशी, ढवळायच्या पात्याखाली, हातभर पट्टा लखलखत होता. बाईंनी वहीतल्या माझ्या सहीचा फोटो घेतला आणि सगळी मंडळी न जेवता निघून गेली.

मालकानं मला बोलावलं. तो ओरडला नाही. गिऱ्हाईकाला आजच कळवायचं आहे, म्हणाला. पाच वाजेपर्यंत एक नाव पाहिजे, धुणाऱ्याचं नाहीतर तपासणाऱ्याचं.

मी तासाभरात नाटक बसवलं. पॅकिंगच्या शेडची शटरं पाडली, दिवे घालवले, दोन्ही पाळ्यांची माणसं गोळा केली आणि धुणाऱ्या चौघांना पुढं उभं केलं. मालक मागं खुर्चीवर बसला. मी सांगितलं, अगदी साधा हिशोब आहे. जो टाकीत उतरला आणि घासत राहिला त्याचे हात चमकतील. ज्याचे चमकणार नाहीत तो कडेला बसून राहिला. वा, काय बिनतोड वाटलं ते अंधारात.

पहिला बजाजनगरचा. त्याची दहाही बोटं पेटली. दुसऱ्यानं गाल खाजवला होता, तर गालावरही चार रेघा उठल्या. तिसऱ्याचा खालचा ओठ चमकला, म्हणजे हात न धुता तंबाखू लावली होती हे सगळ्यांना कळलं. लोक हसून बेजार. मला तर टाळ्याच ऐकू येत होत्या.

चौथे मामा. फुलंब्रीहून रोज बसनं यायचे, वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे, म्हणून मामा. नऊ वर्षं कंत्राटावर होते आणि त्यांची कायम करायची ऑर्डर त्याच आठवड्यात मालकाच्या टेबलावर आली होती. सही तेवढी बाकी होती. ती हातात पडली की मला घरी जेवायला नेणार असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

अख्ख्या खात्यात हातमोजे घालणारे मामा एकटेच. बाकीचे म्हणत की आत घाम येतो, कातडी सोलते. मला हे पक्कं ठाऊक होतं, कारण हातमोजे माझ्याच कपाटातून जायचे आणि महिनोन्‌महिने नेणारा हा एकच माणूस होता. शिवाय एकदा त्यांनी मला सगळ्यांदेखत, अगदी अदबीनं, डोक्याला टोपी घालायची आठवण केली होती. तेव्हाही लोक हसले होते. माझ्यावर.

मामांनी हात पुढं केले. बॅटरी मारली. काही नाही. दोन कोरे हात.

“मामाच्या हाताला काजवा बी शिवला नाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

मी मुद्दाम हशा ओसरू दिला. मग विचारलं, “मामा, आज नुसती देखरेख केली का?”

मामाही हसत होते. माझ्याकडे बघत होते. हातमोज्यांचं आता साहेब सांगतील, असं त्यांना वाटत होतं. मी सांगेना, तेव्हा त्यांनी शर्टाची बाही वर सारली.

“साहेब, बॅटरी जरा वर घ्या,” ते म्हणाले. “मनगटावर मारा.”

मी बॅटरी वर घेतली. हातमोजा जिथं संपतो तिथं, पाणी झिरपलेल्या जागी, मनगटाभोवती हिरवं कडं चमकत होतं. बांगडीसारखं बारीक, आखीव. मामांनी पाहिलं, मी पाहिलं. माझी पाठ लोकांकडे होती. मी बटण दाबलं.

“बॅटरी संपली, मामा.”

त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा तो. हा किस्सा मी नंतर कितीतरी बैठकांत रंगवला आहे आणि दर वेळी इथंच संपवला आहे. पुढचं कुणी कधी विचारलं नाही.

दिवे लागले. मामा बाही धरून तसेच उभे होते. ते हळूच म्हणाले, “तुम्ही बघितलं की, साहेब.” मी मालकाकडे वळलो आणि नाव सांगितलं. मालकानं ऑफिसात जाऊन ती ऑर्डर फाडली आणि गिऱ्हाईकाला ते नाव कळवलं. टाकीचा तळ नेमका कुणी न घासता सोडला होता हे मला आजही माहीत नाही. मी कुणाला विचारलंच नाही.

मामांनी बाही खाली केली नाही. शेडपासून गेटपर्यंत जो भेटेल त्याला ते मनगट दाखवत गेले. वॉचमनला दाखवलं, ट्रकवाल्याला दाखवलं. बाहेर लख्ख ऊन होतं. माणसं वाकून बघत होती आणि मनगटावर त्यांना काहीच दिसत नव्हतं.