खाट वगळून

प्राप्तिकर वाचवायला मी एकदा आमच्या भाड्याच्या घरातली मधली खोली सबंधच्या सबंध शिवणकामाची म्हणून लिहून दिली होती. चार बुकं जास्त शिकल्याचा तोरा होता ना अंगात! त्या खोलीत सासूबाईंची खाट होती, ते मात्र शहाणीने लिहिलं नाही.

आज नात घरगुती धंद्यासाठी तशीच माझी खोली मोजते आहे. "आजी, जरा पाय वर घे," म्हणत तिने टेप माझ्या खाटेखाली सरकवली, आणि मला तो दिवस आठवला. प्राप्तिकर खात्याचे तपासणीचे साहेब असेच दारात उभे राहिले होते. त्यांनी खाटेकडे बघून विचारलं, "या कोण?" मी शिवणाची कापडं आवरू लागले. सासूबाईच म्हणाल्या, "मी इथेच झोपते." साहेबांनी अर्ध्याच खोलीचं भाडं खर्चात धरलं.

"खाट वगळून मोज गं," मी नातीला म्हटलं.

त्या दिवशी साहेबांची पाठ वळल्यावर सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "कागदावर मला घराबाहेर काढलंसच, आता निदान चहा तरी टाक."