उंबरठ्याच्या आतले दिवस

माझा धाकटा भाऊ ओमानला क्रेन चालवतो. एक महिना तिकडे, एक महिना वणीला घरी. तिथं पगारावर कर नाही. पण एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात एकशे ब्याऐंशी दिवस भरले की माणूस इथला रहिवासी ठरतो आणि तिकडच्या कमाईवरही इथं कर लागतो. तिकडे जाऊन त्याला दोनच वर्षं झाली होती, म्हणून बरीच वर्षं बाहेर राहिलेल्यांना मिळते ती सूटही नव्हती. बाबांची फुप्फुसं कोळशाच्या खाणीत गेलेली. घरातलं ऑक्सिजनचं यंत्र भावाच्या पगारावर चालायचं, म्हणून तो दिवसांना फार जपायचा.

मोजायचा मात्र आईच्या रीतीने. तो आला की आई त्याला दारातच थांबवायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायांवर पाणी घालायची, मग आत घ्यायची. दिवस तिथून सुरू.

"रस्त्यातला दिवस कायले मोजाचा? पोरगं आत आलं तवा घरी आलं," ती म्हणायची. आमच्या घरात आईपुढे बोलायची कोणाची टाप नाही. शिवाय तिचं म्हणणं आम्हालाही पटायचं.

मार्च संपत आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता काही खरं नाही. भावाच्या हिशोबाने मर्यादेला दोनच दिवस उरले होते. त्याने ठरवलं, ओमानला जायचं आणि एप्रिल लागताच परतायचं. बाबांचा हात धरून म्हणाला, "बाबा, एक तारखेले येतो. तेवढं थांबा."

बाबांनी मास्क बाजूला केला. "जाय तू. मी कुठी जाऊन राह्यलो?"

एकतीस तारखेला दुपारी बाबा गेले. अग्नी मी दिला. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता, तोही मधेच कटला. माणूस कुठला हे दिवस मोजून ठरवणाऱ्या त्या कायद्याचा मला इतका राग आला, की रडायलाही सुचलं नाही.

जुलैत रिटर्न भरायला आम्ही यवतमाळच्या कर सल्लागाराकडे गेलो. आईही हट्टाने आली. त्याने पासपोर्टवरचे शिक्के पाहिले आणि सांगितलं, विमान मुंबईत उतरलं तो दिवस धरायचा, उडालं तोही. मुंबई ते वणी रेल्वे, मग बस. जाण्यायेण्यातले ते दिवस आम्ही कुठल्याच खेपेला धरले नव्हते. भाऊ निघाला त्याच्या आठवडाभर आधीच मर्यादा ओलांडून झाली होती.

"म्हंजे हा थांबला असता तरी तेवढाच टॅक्स लागला असता?" आईने विचारलं.

"हो, काकू."

भावाने टेबलावरचा पासपोर्ट उचलून खिशात घातला.

पुढच्या खेपेला तो सवयीने दारात थांबला, चपला काढून, बॅग खांद्यावर तशीच. आई समोरच बसली होती. भाकरी केलेली होती, पण ती उठली नाही.

"ये आत," ती म्हणाली. "तू तं कालच आलता, मुंबईले."