हूंवाले अप्पा

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते धारूरचे हूंवाले अप्पा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती, सगळे मेंढरांमागे. अप्पांचं पेठेत कापडाचं दुकान होतं आणि त्यांची एक सवय गावाला पाठ होती. काहीही सांगताना, मग ती राजाराणीची गोष्ट असो की लुगड्याच्या सुताची माहिती, ते प्रत्येक वाक्यानंतर थांबत. ऐकणाऱ्यानं ‘हूं’ म्हणायचं. म्हटलं नाही, तर अप्पा तोंड मिटून घेत. गिऱ्हाईक उठून गेलं तरी पुढचं वाक्य येत नसे.

गावोगाव कॉम्प्युटर येऊ लागले, तसा अप्पांनीही एक आणला. मागच्या खोलीत, ताग्यांच्या ढिगाआड ठेवून त्यांनी क्लास काढला. शिकवायला अंबाजोगाईहून एक सर यायचे. मी शेजारच्या गावाहून धारूरच्या कॉलेजात यायचो, पहिल्या वर्षाला होतो. फी परवडत नाही म्हणून दारातूनच परत फिरलो, तर अप्पांनी हाक मारली. “इंग्रजी वाचतूस का बे? मग बस माझ्यापाशी.”

त्या कॉम्प्युटरवर एक गेम होता. ओसाड गावात एक माणूस आपला हरवलेला भाऊ शोधतो, एवढीच गोष्ट. घराघरांत चिठ्ठ्या सापडायच्या, सगळ्या इंग्रजीत. अप्पांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. त्यामुळे दुपारी क्लास सुटला की मी डिक्शनरी घेऊन शेजारी बसायचो आणि चिठ्ठ्यांचं मराठी करून सांगायचो. माझं इंग्रजी त्या ओसाड गावात झालं. बटणं अप्पा दाबायचे. “आता जिना चढतो,” म्हणायचे आणि थांबायचे. मी ‘हूं’ म्हटल्यावरच पडद्यावरचा माणूस पायरीवर पाय ठेवायचा.

एकदा क्लासमधल्या पोरांनी दोघांनी खेळायचा मारामारीचा गेम आणला. एकाच कीबोर्डावर चार हात, नुसता आरडाओरडा. अप्पांनी जरा वेळ पाहिलं.

“दोघंबी बोंबलायलेत. ऐकतंय कोण बे?”

“अप्पा, एकट्यानं खेळण्यात काय मजा हाय?” एक पोरगा म्हणाला.

“मी एकटा कावून? ह्यो हूं म्हणतोय की.”

पोरं मला दोन दिवस ‘हूंपती’ म्हणून चिडवत होती.

एका दुपारी खेळता खेळता लाईट गेली. पडदा काळा झाला. खोलीला खिडकी नव्हती. कोऱ्या कापडाचा वास तेवढा येत होता. अंधारातच अप्पा बोलू लागले.

“माझ्या धाकट्याला ताप आलता. तो सहाचा, मी नवाचा. आई म्हणली, गोष्ट सांगत बस त्याला.”

“हूं.”

“सांगत बसलो. तो हूं म्हणायचा. मग हूं थांबला. मला वाटलं झोपला.”

“हूं.”

“गोष्ट लई रंगलती. मी सांगतच राहिलो. राजा परत आला, लगीन झालं, समदं सांगितलं. भरल्या दुपारी, एकटाच.”

अप्पा थांबून राहिले. शेवटी मी कसाबसा ‘हूं’ म्हटलं.

“मग आई आली,” अप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांच्या शेजारी बसलो की खोलीत तिसरं कुणीतरी आहे असं मला वाटायचं.

एकेक चिठ्ठी लावत तिसऱ्या वर्षी आम्ही गेमच्या शेवटच्या दारापर्यंत पोचलो, त्याच सुमारास माझा पदवीचा निकाल लागला आणि पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. दाराआड तो भाऊ होता. अप्पांनी गेम तिथंच साठवून ठेवला. “तू आल्याबिगर उघडत न्हाई. जा.” त्यानंतर तीन दिवाळ्या मी गावी आलो, आणि तिन्ही वेळा धारूरला जायचं राहिलं. याला मी कामाचं कारण सांगत आलो आहे. ते खरं नाही. मला त्या दाराची भीती वाटत होती.

पुण्यातल्या आमच्या कंपनीकडे परदेशातून एक गेम आला. बंद पडलेल्या खाणीत नवऱ्याला शोधायला उतरलेल्या बाईची गोष्ट, एकट्यानं खेळायची. त्यात अनेकांनी मिळून खेळायची सोय घाला, असं त्या परदेशी गिऱ्हाइकाचं म्हणणं. सगळ्यांनी सुचवलं, खाणीत दहा जण सोडू, बंदुका देऊ. मी म्हटलं, दुसरा एकच माणूस द्या, आणि त्याला खाणीत उतरवू नका. तो तोंडाशी बसून बाईच्या कमरेचा दोर धरील. त्याला चालता येणार नाही, मारता येणार नाही. त्याच्याकडे एकच बटण. ते दाबलं की दोर हलेल आणि खाली तिचा कंदील किंचित हलेल.

साहेबांना ते आवडलं. गिऱ्हाइकालाही आवडलं, पण एका अटीवर: वरचा खेळाडू कंटाळून उठून गेला तर कॉम्प्युटरनंच दोर हलवत राहायचं, म्हणजे खालच्याला एकटं वाटणार नाही.

त्याच आठवड्यात चाचणी करताना दोन मशीनमधली तार निघाली. समोरची खुर्ची रिकामी होती. तरी कंदील एकदा हलला. वाटेत अडकलेला एक संदेश उशिरा पोचला होता, हे मला ठाऊक होतं. तरीही मी उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

साहेबांना मी सांगितलं, कॉम्प्युटरनं दोर हलवण्याचं काम मी करणार नाही. ते म्हणाले, “तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, लक्षात आहे ना?” मग मी त्यांना अप्पांच्या भावाची गोष्ट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे गिऱ्हाइकाला इंग्रजीत लिहून पाठव. तूच लिही. त्यांनी नाही म्हटलं तर मी काही करू शकत नाही.”

उत्तराची वाट पाहत असतानाच काकूंचा, म्हणजे अप्पांच्या पत्नीचा, फोन आला. अप्पांना अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली होती. “एकच राहिलंय बघ. हूं म्हणतेत.”

गिऱ्हाइकाचं उत्तर आलं त्याच दिवशी मी अप्पांना पत्र टाकलं आणि शनिवारी निघालो. पोचलो तर दुकान बंद होतं. अप्पा शुक्रवारी गेले होते.

काकूंनी पत्र मला परत दिलं. “काल सकाळी समदं वाचून दाखवलं. दर वाक्याला हूं म्हणले. शेवटची ओळ तेवढी वाचली न्हाई. वाचवंना. म्हणलं, उद्या तूच येऊन सांगशील.”

तो कॉम्प्युटर आता माझ्याकडे आहे. दार बंदच आहे. ते पत्र असं:

ती. अप्पांस सा. न.

काकू, प्रत्येक वाक्यानंतर थांबा.

अप्पा, मी बरा आहे. माझी नोकरी टिकली. एका गेममध्ये मी एक माणूस बसवला आहे, तो फक्त हूं म्हणतो. तो उठून गेला की दोर सैल पडतो, आणि खालच्या बाईला ते कळतं. मशीन खोटा हूं देणार नाही. त्यांनी मान्य केलं. ही तुमची गोष्ट मी परक्या लोकांना सांगितली, त्याबद्दल क्षमा करा.

यायला तीन वर्षं लावली, त्याबद्दलही.

शनिवारी येतो. आपण दार उघडू. या वेळी बटणं मी दाबीन, सांगीनही मीच, आणि हूं तुम्ही म्हणायचं.

तुमचा हूं आला नाही, तर मी तिथंच थांबेन, अप्पा. पुढची गोष्ट सांगणार नाही.